दोनदा धावलेला पगार: बिघडलेल्या वेतन-डेटाचे एक प्रकरण

फोन संध्याकाळी आला आणि पहिलेच वाक्य होते, "सर, आता सगळं सुरळीत चाललंय, फक्त एका माणसाच्या कर्जाचा आकडा बघाल का?" जुनी वेतन-सॉफ्टवेअरं सांभाळण्यात बरीच वर्षे गेल्यावर मला बिघाडापेक्षा या "आता सुरळीत" शब्दांची जास्त धास्ती वाटते. बिघाड निदान समोर दिसतो. कुणीतरी घाईघाईने बरा केलेला बिघाड आकड्यांच्या आत जाऊन बसतो.

आस्थापनेचे आणि सॉफ्टवेअरचे नाव इथे महत्त्वाचे नाही. कामावर २४१ माणसे, पगाराचे काम करणारे दोन संगणक, आणि डेटा एका तिसऱ्या संगणकावरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. प्रणाली व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या डेटाबेसच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली. मायक्रोसॉफ्टने ही आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधार थांबवला, पण असे प्रोग्रॅम आजही मुकाट्याने पगार काढत बसलेले असतात. डेटा डीबीएफ फायलींत, ओळी आणि रकान्यांच्या एका टेबलाला एक फाइल. या प्रकरणात चार फायली कामाच्या: मासिक वेतनाची फाइल (दर माणशी दर महिना एक ओळ), कर्जांची फाइल, रजांची फाइल आणि कर्मचाऱ्यांची मास्टर फाइल. मास्टरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे वर्षारंभापासूनचे उत्पन्न आणि कर यांची बेरीज साठवलेली असे. ही साठवलेली बेरीज पुढे बरीच महागात पडली.

काय घडले होते

महिन्याची २८ तारीख, दुपार. लेखा विभागातल्या मॅडमनी पहिल्या संगणकावर पगाराची प्रोसेस सुरू केली. शेजारच्या संगणकावर त्यांचे सहकारी एका नव्या कर्जाची नोंद करत होते. प्रोसेस संपत आली असताना नेटवर्क स्विचचा प्लग कुणाच्या तरी पायाने निघाला. मिनिटभरात परत लावला गेला. तोवर पडद्यावर एरर येऊन बसला होता. मॅडमनी 'रिट्राय' दोनदा दाबले आणि मग तीनदा 'इग्नोर'. (असे बटण मुळात ठेवतात कशाला, हा माझा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जुना प्रश्न आहे. पगाराच्या मध्यावर आलेल्या एररकडे दुर्लक्ष करायची सोय नसलेलीच बरी.)

प्रोग्रॅम बंद करून उघडला तर निरोप आला: मासिक वेतनाचे टेबल खराब झाले आहे, वापरण्याआधी दुरुस्त करावे लागेल. फॉक्सप्रोच्या यादीत हा २०९१ क्रमांकाचा एरर. सहकाऱ्यांनी डोके चालवले. आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून फक्त तीच एक फाइल काढून जागेवर ठेवली. मोडकी फाइल पुसली नाही, नाव बदलून तिथेच ठेवली. पुढे आमचे जे काही निभावले ते बरेचसे त्यांच्या या सवयीमुळे. मग रिइंडेक्स मारला (ओळी क्रमाने शोधून देणारे इंडेक्स नव्याने बांधले), तो विनातक्रार झाला. पुन्हा प्रोसेस केली, २४१ पैकी २४१ पगार निघाले. रजिस्टर छापले, बँकेची फाइल तयार झाली.

मग मॅडमना एक पे-स्लिप खटकली. एका कर्मचाऱ्याचे ५,००० कर्ज शिल्लक होते, हप्ता २,५००. म्हणजे अजून दोन महिने. स्लिपवर कपात २,५०० दाखवली होती आणि शिल्लक शून्य.

मी विचारले, "आणखी कुणाचं असं झालंय का? ज्यांचा एकच हप्ता उरला होता, त्यांचं काय दिसतंय?"

दोन मिनिटे शांतता, मग, "तिघं आहेत. तिघांच्याही स्लिपवर कपातच नाही."

पगार दोनदा धावला होता. पहिल्या फेरीने हप्ता वळता करून शिल्लक खाली आणली आणि दुसऱ्या फेरीने त्याच शिलकीतून पुन्हा हप्ता वळता केला. ज्यांचा शेवटचाच हप्ता होता त्यांची शिल्लक पहिल्याच फेरीत संपली, म्हणून दुसऱ्या फेरीत कापायला काही उरले नाही आणि छापली गेली ती दुसरी फेरी. त्या तिघांच्या हातात २,५०० जास्त पडले असते. ज्याच्या हातात जास्त पडते तो सहसा तक्रार घेऊन येत नाही, त्यामुळे एकट्या तक्रारींवर विसंबले असते तर ही बाजू कधी उजेडात आलीच नसती.

एकच महिना दोनदा धावू नये म्हणून प्रोग्रॅममध्ये पहारा होता. तो इतकेच पाहायचा की मासिक फाइलमध्ये या महिन्याच्या ओळी आहेत का. आणि बदलली गेली ती नेमकी तीच फाइल. कालच्या फाइलमध्ये या महिन्याची एकही ओळ नव्हती, पहारेकऱ्याने मान डोलावली.

मी फोनवर एवढेच सांगितले: दोन्ही संगणकांवरून प्रोग्रॅम बंद करा, काही पुसू नका, काही दुरुस्त करू नका, बँकेची फाइल पाठवू नका. मी येतो.

तीन फोल्डर

गेल्यावर पहिला तास मी काहीच दुरुस्त केले नाही, नुसत्या प्रती केल्या. आदल्या रात्रीचा पूर्ण बॅकअप एका फोल्डरमध्ये, त्याला नाव दिले 'काल'. नाव बदलून ठेवलेली मासिक फाइल दुसऱ्यात, 'मोडके'. आत्ता जसा होता तसा सगळा डेटा तिसऱ्यात, 'आज'. तिन्ही फोल्डर फक्त वाचण्यापुरते खुले ठेवले आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा कागदावर उतरवला, म्हणजे पुढे कुणी हात लावला तर कळेल. पगार ३० तारखेला द्यायचा होता. मॅडम माझ्याकडे घड्याळाकडे बघावे तशा बघत होत्या.

त्यानंतर 'मोडके' हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट सोळाच्या पायात जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. डीबीएफ फाइल ही अतिशय प्रामाणिक चीज आहे, बहुतेक सगळे डोळ्यांनी वाचता येते. पहिला बाइट ३०: ही व्हिज्युअल फॉक्सप्रोची फाइल आहे. पुढचे तीन बाइट शेवटच्या बदलाच्या तारखेचे. मग चार बाइट ओळींच्या संख्येचे:

१६ ४८ ०० ००

हे उलट क्रमाने वाचायचे, म्हणजे सोळाच्या पायात ४८१६. चार गुणिले ४,०९६, अधिक आठ गुणिले २५६, अधिक सोळा, अधिक सहा: १८,४५४ ओळी. पुढचे दोन बाइट २८ ०५, म्हणजे हेडरची (फाइलच्या सुरुवातीला तिची रचना सांगणाऱ्या भागाची) लांबी १,३२०. त्यापुढचे १२ ०१, म्हणजे एका ओळीची लांबी २७४ बाइट. हेडरची लांबी लगेच पडताळता येते: सुरुवातीचे ३२ बाइट, ३२ रकान्यांचे प्रत्येकी ३२, रकान्यांची यादी संपल्याची खूण १, आणि व्हिज्युअल फॉक्सप्रो शेवटी जोडते ते २६३. बेरीज १,३२०. म्हणजे हेडरची रचना शाबूत होती.

आता फाइल केवढी असायला हवी? १८,४५४ ओळी गुणिले २७४, अधिक १,३२०, अधिक शेवटच्या खुणेचा १ बाइट: ५०,५७,७१७. डिस्कवर प्रत्यक्षात फाइल होती ५१,२२,६५५ बाइटची. फरक ६४,९३८, म्हणजे बरोबर २३७ ओळी. भागाकाराला बाकी शून्य.

इथे अर्धे निदान झाले. प्रोग्रॅमने या महिन्याच्या २३७ ओळी फाइलच्या शेवटी जोडल्या होत्या, पण हेडरमधली संख्या वाढवण्याआधी तार तुटली. फाइल म्हणते १८,६९१, हेडर म्हणतो १८,४५४. फॉक्सप्रोची नवी आवृत्ती उघडतानाच हे दोन आकडे ताडून पाहते आणि अडून बसते. जुन्या आवृत्त्या हे पाहत नसत. त्या हेडरवर विश्वास ठेवून पुढची ओळ १८,४५५ व्या जागी लिहीत आणि मागच्या अनाथ ओळींवर पाणी फिरवीत. अशा फाइलवर "परत एकदा करून बघू" म्हणणे म्हणूनच धोक्याचे.

एक्कावन्न लाख वीस हजार

मग हेडरमध्ये १८,६९१ लिहिले की झाले? बाजारातली बरीच डीबीएफ दुरुस्तीची साधने नेमके हेच करतात, आणि फाइल उघडतेही.

मी फाइलच्या शेपटाकडे गेलो. डीबीएफमधले साधे अंकी रकाने अक्षरांसारखेच साठवलेले असतात, त्यामुळे पगार सरळ वाचता येतात: प्रत्येक ओळीची सुरुवात २० या बाइटने (ओळ जिवंत आहे), मग कर्मचारी क्रमांक, महिना, हजेरीचे दिवस, मूळ वेतन, भत्ते, कपाती, निव्वळ. खाली सरकत गेलो आणि एका जागी आकडे मध्येच तुटले. पुढे शेवटपर्यंत नुसते ०० ०० ०० ००.

तुटण्याची जागा पाहिली: ५१,२०,००० वा बाइट. इतका गोल आकडा आला की मी खुर्चीत सावरून बसतो. ५१,२०,००० म्हणजे १,२५० गुणिले ४,०९६. विंडोजचे मेमरीतले पान ४,०९६ बाइटचे असते. म्हणजे फाइलची लांबी वाढवल्याची बातमी सर्व्हरपर्यंत पोचली होती, पण शेवटच्या पानातला मजकूर अजून मॅडमच्या संगणकाच्या मेमरीतच होता. तो तिथेच विरला.

पानाच्या सीमेला ओळीच्या सीमेशी काही देणेघेणे नसते. हिशेब केला तर १८,६८१ ओळी पूर्ण होत्या. १८,६८२ व्या ओळीचे पहिले ८६ बाइट खरे आणि बाकीचे शून्य. त्यापुढच्या नऊ ओळी संपूर्ण रिकाम्या. या महिन्यापुरते बोलायचे तर २३७ पैकी २२७ धड, एक अर्धी, नऊ कोऱ्या.

हेडरमध्ये १८,६९१ लिहून मोकळे झालो असतो तर? नऊ बिननावी माणसे रजिस्टरमध्ये आली असती, ती कुणाच्याही नजरेत भरली असती. ती अर्धी ओळ मात्र घातकी होती. तिच्यात क्रमांक खरा, महिना खरा, हजेरी खरी, मूळ वेतनही खरे. भत्ते नाहीत, कपाती नाहीत, निव्वळ शून्य. एका खऱ्या माणसाची जवळजवळ खरी वाटणारी पे-स्लिप.

मी मोडक्या फाइलमध्ये काहीच लिहिले नाही. पायथनमध्ये तीसेक ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो हेडरवर विसंबत नाही. १,३२० बाइट सोडतो आणि पुढे २७४-२७४ बाइटचे तुकडे उचलतो. प्रत्येक तुकड्याला प्रश्न विचारतो: पहिला बाइट योग्य आहे का, क्रमांक मास्टरमध्ये आहे का, अंकांच्या रकान्यात अंकांशिवाय काही घुसले आहे का, आणि मिळकतीतून कपाती वजा केल्यावर निव्वळाचा आकडा येतो का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. २२७ ओळी चारही प्रश्नांत पास झाल्या, त्या एका वेगळ्या टेबलात ठेवल्या.

फाइलची दुरुस्ती म्हणावी ती इथे संपली. पाऊण तास लागला असेल. पगाराला अजून हातही लागला नव्हता.

कोण किती पुढे गेले होते

दोनदा धावलेली फेरी उलटवायची तर पहिली फेरी नेमकी कुठवर पोचली होती हे कळायला हवे. मासिक फाइल सांगते २३७ लिहिल्या, २२७ टिकल्या. साधा तर्क असा की कर्ज, रजा आणि मास्टर यांतही २२७ किंवा २३७ माणसांचे बदल झाले असतील. हा तर्क चुकतो, आणि तो का चुकतो ते पाहण्यासारखे आहे.

विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये एक सोय असते. एखादी फाइल एकाच संगणकाने उघडलेली असेल तर सर्व्हर त्याला मुभा देतो: तुझे लिखाण तुझ्याकडेच जमव, सवडीने पाठव. याला ऑपॉर्च्युनिस्टिक लॉक म्हणतात. दुसऱ्या कुणी तीच फाइल उघडली की मुभा काढून घेतली जाते आणि लिखाण थेट सर्व्हरवर जाऊ लागते. त्या दुपारी मासिक, रजा आणि मास्टर या फायलींत लिहिणारा एकच संगणक होता आणि त्याच्याकडे मुभा होती. कर्जाची फाइल मात्र शेजारच्या संगणकावरही उघडी होती, कारण सहकारी नवे कर्ज नोंदवत होते. म्हणून कर्जांचे लिखाण थेट गेले आणि बाकीचे आपापल्या सवडीने.

'काल' आणि 'आज' ओळीला ओळ लावून ताडले तेव्हा हेच दिसले. चालू कर्जे ६१. त्यांतल्या ५७ जणांची शिल्लक एका रात्रीत दोन हप्त्यांनी उतरली होती. तिघांची एका हप्त्याने उतरून शून्य झाली होती, हे ते आधीचेच तिघे. एकाचीच बरोबर होती, तो यादीतल्या शेवटच्या चौघांपैकी, पहिली फेरी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. रजेच्या फाइलमध्ये २३३ जणांची रजा दोनदा जमा झाली होती. मास्टरमधली वर्षारंभापासूनची बेरीज २१९ जणांची दुप्पट चढली होती.

म्हणजे एक प्लग निघाला आणि चार फायली चार वेगवेगळ्या क्षणी थांबल्या. "अमुक क्रमांकाच्या पुढचे उलटवा" अशी रेघ कुठेच मारता येत नव्हती.

मास्टरमधल्या त्या २१९ जणांचे आणखी एक दुखणे होते. दुसऱ्या फेरीने कर मोजला तो फुगलेल्या बेरजेवर. वार्षिक उत्पन्न जास्त दिसल्याने अनेकांचा कर जास्त कापला गेला होता. पे-स्लिप आतून पूर्ण सुसंगत होती: मिळकत वजा कपात बरोबर निव्वळ. रजिस्टरची बेरीज बँकेच्या फाइलशी जुळत होती. प्रोग्रॅमचे सगळे अहवाल एकमेकांशी जुळत होते, कारण सगळे एकाच चुकीच्या आकड्यातून निघाले होते. पगाराचा डेटा तपासताना प्रोग्रॅमचा एक अहवाल दुसऱ्याशी ताडण्यात मी म्हणूनच वेळ घालवत नाही. बाहेरचा साक्षीदार लागतो: मागल्या महिन्याची छापील स्लिप, बँकेने स्वीकारलेली फाइल, सहीचे हजेरीपत्रक.

दोन वाटा

पहिली वाट: 'आज' मध्येच दुरुस्ती. प्रत्येकाचा जास्तीचा हप्ता परत चढवायचा, रजा कमी करायची, बेरीज खाली आणायची, मग कर पुन्हा मोजायचा. फरकांच्या याद्या हातात होत्याच, एका रात्रीत जमले असते. मॅडमचा कल याच वाटेकडे होता. सहकाऱ्यांचाही, कारण दिवसभराचे काम वाया गेले नसते.

दुसरी वाट: चारही फायली आणि सोबतचे सगळे फोल्डर 'काल' वर न्यायचे, २८ तारखेच्या दिवसभरातल्या नोंदी पुन्हा हाताने करायच्या आणि पगार एकदाच धाववायचा.

मी दुसरी धरली. पहिल्या वाटेवर चूक झाली तर ती सापडवायला काहीच उरत नाही. दुरुस्त केलेला आकडा आणि मुळातला आकडा यांत फरक करता येत नाही, आणि सहा महिन्यांनी कुणी विचारले की ही रजा अशी का, तर उत्तर असते "त्या वेळी आम्ही हाताने बदलली होती". कागदावर धरलेली सर्व नोंद पुन्हा करणे कंटाळवाणे असते, पण ते कुणालाही समजावून सांगता येते. दिवसभराच्या नोंदी हजारोंनी असत्या तर मात्र मीही पहिल्या वाटेनेच गेलो असतो, नाक मुठीत धरून.

आधी 'काल' ची फाइल धड आहे का हे पाहिले. हेडर १८,४५४, आकार ५०,५७,७१७, जुळते. बॅकअप आहे म्हणजे तो चांगलाच आहे असे धरून चालणारे लोक भेटतात, त्यांना अजून वाईट दिवस यायचा असतो.

मग दोघांना विचारले, "२८ तारखेला सकाळपासून काय काय नोंदवलंत?" आठवून आठवून यादी झाली अकरा नोंदींची: हजेरीच्या चार दुरुस्त्या, चार कर्जे, बँक खात्याचे तीन बदल. दुसरीकडे मी 'काल' आणि 'आज' मधले जे फरक पगाराच्या फेरीने पडू शकत नाहीत ते वेगळे काढले. ते निघाले एकोणीस. विसरलेल्या आठांत हजेरीच्या तीन दुरुस्त्या होत्या आणि जादा कामाचे तास पाच जणांचे. त्या पाच जणांनी जादा काम केले होते आणि आमच्या स्मरणशक्तीच्या भरवशावर त्यांचे पैसे जाणार होते. एकोणीसही नोंदींचे कागद शोधून काढले, मगच पुन्हा टाइप केल्या. एकाने टाइप करायचे, दुसऱ्याने कागदावर खूण करायची.

पगार पुन्हा धावला तो २९ तारखेच्या दुपारी. एकाच संगणकावर, दुसरा बंद ठेवून, आणि डेटा त्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आणून. स्विचला त्या दिवशी मी या कामात घेतलेच नाही.

आता ते वेगळे ठेवलेले टेबल कामाला आले. मोडक्या फाइलमधून वाचवलेल्या २२७ ओळी पहिल्या, न दुणावलेल्या फेरीच्या होत्या. त्यांतून कुणाला पगार द्यायचा नव्हता, पण त्यांच्याइतका चांगला साक्षीदार मिळणार नव्हता. नवी फेरी आणि या ओळी रकान्याला रकाना लावून पाहिल्या. २२५ शेवटच्या दशांशापर्यंत जुळल्या.

दोन जुळल्या नाहीत. पहिली हजेरीची: ती दुरुस्ती पहिली फेरी त्या माणसाला ओलांडून गेल्यावर, दुसऱ्या फेरीच्या आधी नोंदवली होती, तेव्हा नवा आकडाच खरा. दुसरीत नव्या फेरीने कर्जाचा हप्ता कापला होता, जुन्या ओळीत तो नव्हता. मंजुरीचा कागद काढला: पहिला हप्ता पुढच्या महिन्यापासून. पुन्हा टाइप करताना आमच्याकडूनच महिना चुकला होता, आणि खूण करणाऱ्यानेही नुसती रक्कम पाहून खूण केली होती. महिना सुधारून पुन्हा 'काल' पासून सगळे केले. त्या एका चुकीसाठी सगळे पुन्हा? सहकाऱ्यांनी हेच विचारले. मधूनच एका माणसाची फेरी उलटवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये होती, पण ती सोय कर्ज आणि रजा परत फिरवते की नाही याची खात्री त्या रात्री करत बसायची माझी तयारी नव्हती.

राहिले चौदा जण. त्यांचे पगार मॅडमनी मागल्या महिन्याच्या स्लिपवरून कॅल्क्युलेटरवर काढले. त्या अर्ध्या ओळीचा माणूस यांच्यातच होता. त्याच्या वाचलेल्या ८६ बाइटांतले हजेरीचे दिवस आणि मूळ वेतन नव्या स्लिपशी जुळले, याचा मला जरा जास्तच आनंद झाला.

३० तारखेला बँकेची फाइल वेळेत गेली.

नंतरचे

हाच प्रसंग एखाद्या मोठ्या डेटाबेसवर घडला असता तर? एसक्यूएल सर्व्हरसारख्या ठिकाणी ८ केबीच्या प्रत्येक पानावर तपासणीची बेरीज असते, पान बिघडले तर ८२४ क्रमांकाचा एरर येतो, आणि व्यवहाराची (एकत्र बांधलेल्या बदलांची: झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही) नोंदवही असल्याने तुटलेली ओळ अर्धी राहत नाही. पण तिथेही लोक घाईत दुरुस्तीची जी आज्ञा चालवतात तिच्या नावातच लिहिलेले असते की डेटा गमावायला परवानगी दिली आहे. ती पान वाचवत नाही, गरज पडली तर पान टाकून देते, आणि टाकलेल्या पानातल्या कर्जाचे काय हे तिला ठाऊक नसते. शिवाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मासिक ओळ, हप्ता, रजा आणि बेरीज एकाच व्यवहारात बांधली नसेल तर सर्व्हर कितीही भारी असो, पगार दोनदा धावतोच. आमच्या प्रोग्रॅममधली टेबले सुटी होती, व्यवहारात बांधलेली नव्हती. फॉक्सप्रो ९ मध्ये सुटी टेबलेही बांधता येतात, कुणी ते केले नव्हते.

बदल थोडे केले. प्रोसेस आता डेटा असलेल्या संगणकावरच चालते. ती सुरू होण्याआधी सगळ्या फोल्डरची प्रत आपोआप पडते. पहारा मासिक फाइलमधून काढून वेगळ्या ठिकाणी बसवला, आणि महिना सुरू केल्याची आणि संपल्याची अशा दोन खुणा ठेवल्या. वर्षारंभापासूनची बेरीज मास्टरमध्ये साठवणे बंद केले, ती मासिक ओळींतून दर वेळी काढली जाते. रोज सकाळी एक छोटा प्रोग्रॅम प्रत्येक डीबीएफचा हेडर आणि आकार ताडतो. 'इग्नोर' बटण काढले. स्विचचा प्लग टेबलाच्या वर आणला.

एक धागा उरला होता. 'काल' तपासताना मला दिसले होते की फाइलमध्ये ओळी १८,४५४ आहेत, पण विभागवार इंडेक्समधून मोजल्या तर १८,४५२ भरतात. इंडेक्स कधीतरी पूर्वीच मोडला होता आणि दोन ओळी त्याच्या नजरेआड गेल्या होत्या. बँकेची फाइल कर्मचारी क्रमांकाच्या इंडेक्सवरून निघायची, त्यामुळे दोघांनाही पगार मिळाला होता. विभागवार रजिस्टर मात्र दुसऱ्या इंडेक्सवरून छापले जायचे. त्यात ते दोघे नव्हते. रिइंडेक्स झाल्यावर जुन्या महिन्याचे रजिस्टर पुन्हा छापले तर दोन नावे जास्त आली, आणि सहकारी घाबरून माझ्याकडे धावले की जुना डेटाही बदलला.

मी मॅडमना विचारले, त्या महिन्यात रजिस्टर आणि बँक यांत फरक आला नव्हता का? त्यांनी काही न बोलता खतावणी उघडली. दोन निव्वळ पगारांच्या बेरजेइतकी रक्कम तेव्हापासून सस्पेन्स खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमांच्या खात्यात, पडून होती.

"तीनदा बेरीज केली होती," त्या म्हणाल्या. "मग साहेबांना सांगितलं, सॉफ्टवेअर चुकणार नाही, माझंच काहीतरी राहिलं असेल."

त्यांनी नोंद उलटवली, शेरा लिहायच्या रकान्यात पेन टेकवले आणि मला विचारले, "इंडेक्स मराठीत कसं लिहू?"